मेलचं शेपूट कापलंत का?

या वेळी ईमेलच्या घोळांची बरीच पत्रं आलीयत, त्यातली पाच घेतेय. नावं कुणाचीच छापत नाही, विषयच तसा आहे.

प्रश्न: ताई, मुलीसाठी स्थळं बघतोय. एका मुलाचा बायोडाटा आला, तो मी बहिणीला मेलवर पाठवला आणि सोबत मोकळेपणाने लिहिलं की पगार चांगला आहे पण मुलगा फोटोत जरा थोराड दिसतो आणि त्याची आई भारी खमकी आहे म्हणे, आपल्या पोरीचं कसं निभणार. तिचं उत्तर आलं, मग माझं, असं चार-पाच वेळा झालं. शेवटी ती म्हणाली मुलीचा बायोडाटा दे, मी मध्यस्थांना पाठवते. मी त्याच मेलला रिप्लाय करून बायोडाटा जोडला, वर "हा घे" एवढंच लिहिलं. तिने तो तसाच फॉरवर्ड केला आणि मध्यस्थांनी पुढे मुलाच्या घरी. परवा फोन आला, "मी मुलाची खमकी आई बोलतेय." काय करू?
— एक आई, नाशिक

उत्तर: ताई, माफ करा, पण पत्र वाचून आधी हसले आणि मग माझेच जुने मेल आठवून गप्प झाले.

गेलेला मेल परत येत नाही. ऑफिसात आउटलुकमध्ये रिकॉल म्हणून एक बटण असतं, ते एकाच कंपनीच्या आत कधी चालतं कधी नाही, आणि बाहेरच्या जीमेलवर गेलेल्या मेलला त्याचा काही उपयोग नाही. जीमेलचं अनडू म्हणजे तर नुसता उशीर, मेल काही सेकंद थांबवून ठेवतात एवढंच. तेव्हा तुमच्यापुढे एकच रस्ता आहे, त्या बाईंना स्वतः फोन करा आणि सरळ सांगा की बहिणीशी बोलताना लिहिलं होतं, चुकलं. मध्यस्थांना मध्ये घालू नका, त्यांनी आधीच पुरेसं पोचवलंय. आणि ज्या बाई स्वतःला खमकी म्हणवून फोन करतात त्यांना विनोद कळतो, असं माझं मत.

आता घडलं काय ते बघा. तुम्ही रिप्लाय करता तेव्हा आधीचा सगळा मजकूर खाली चिकटतो, पण दिसत नाही कारण जीमेल तो तीन टिंबांच्या मागे दडवतं. म्हणून तुमच्या बहिणीला मोबाईलवर दिसलं "हा घे" आणि एक अटॅचमेंट. तिने फॉरवर्ड दाबलं तेव्हा ते टिंबांमागचं सगळं शेपूट सोबत गेलं, तारीख-वेळ आणि कोण काय म्हणालं त्यासकट. फॉरवर्ड करताना ते खाली उघडं दिसतं खरं, पण खाली सरकवून बघतं कोण, आपण वरच दोन ओळी लिहून पाठव दाबतो.

अजून एक फरक ध्यानात ठेवा, रिप्लायमध्ये अटॅचमेंट सहसा जात नाहीत आणि फॉरवर्डमध्ये सगळ्या जातात. म्हणजे कुणी तुम्हाला एका मेलमध्ये बायोडाटा, पत्रिका आणि सॅलरी स्लिप पाठवली असेल आणि तुम्हाला फक्त पत्रिका पुढे द्यायची असेल तर बाकीच्या दोन हाताने काढाव्या लागतात.

माझी सवय सांगते. फाईल डाउनलोड करायची, नवा कोरा मेल उघडायचा, त्यात जोडायची. दोन मिनिटं जास्त लागतात. विषयाची ओळसुद्धा नवीन लिहायची, नाहीतर पत्रिका पाठवताय आणि वर अजून "Re: थोराड" म्हणून दिसतंय, हेही मी पाहिलंय.

आणि बायोडाटा पाठवतोय तर त्याचंही बघा. आपल्याकडे बायोडाट्यात जन्मतारीख, जन्मवेळ, गाव, घरचा पत्ता, वडिलांचा मोबाईल, मुलीची कंपनी, पगार, सगळं एका पानावर असतं, आणि तो किती हातांतून फिरतो ते कुणालाच सांगता येत नाही. दोन करा. पहिल्यात शिक्षण, उंची, गाव, फोटो आणि मामांचा किंवा काकांचा नंबर. पूर्ण पत्ता, पगार आणि जन्मवेळ दुसऱ्यात, तो बोलणी पुढे गेल्यावरच. पत्रिका जुळवायची घाई असलेले कुरकुर करतील, करू दे.

प्रश्न: मी सोसायटीचा सचिव आहे. वार्षिक सभेची नोटीस सगळ्या सभासदांना सीसीमध्ये टाकून पाठवली. एकाने आक्षेप घेतला की माझा मेल आयडी सगळ्यांना का दिला, दुसऱ्याने त्याला रिप्लाय ऑल करून तुझी मेंटेनन्सची थकबाकी आधी भर म्हणून सुनावलं, मग पार्किंगचा विषय निघाला आणि आता रोज वीस मेल येतायत. माझं काय चुकलं?
— सचिव, डोंबिवली

उत्तर: सचिवसाहेब, बीसीसी. एवढंच चुकलं.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी, टाइपरायटरमध्ये दोन कागदांच्या मधे निळा-काळा कार्बन घालायचे त्यावरून आलेलं नाव. बीसीसीमधला बी म्हणजे ब्लाइंड, प्रत सगळ्यांना मिळते पण कुणाकुणाला मिळाली ते दिसत नाही. नोटीस पाठवताना 'टू' मध्ये सोसायटीचा स्वतःचा आयडी टाका आणि सभासद सगळे बीसीसीत. मग कुणी रिप्लाय ऑल दाबलं तरी ते सोसायटीच्याच आयडीवर येतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जात नाही, भांडण तिथेच विझतं.

ही काही किरकोळ चूक नाही हो. लंडनमध्ये ५६ डीन स्ट्रीट नावाचं क्लिनिक आहे, तिथे एचआयव्हीची तपासणी आणि उपचार होतात. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी ७८१ जणांना एक माहितीपत्रक पाठवलं आणि सगळे पत्ते बीसीसीऐवजी 'टू' मध्ये टाकले. त्यातल्या बहुतेकांच्या पत्त्यासोबत पूर्ण नाव होतं. प्रत्येकाला बाकीच्यांची नावं दिसली. पुढच्या वर्षी ते क्लिनिक चालवणाऱ्या ट्रस्टला १ लाख ८० हजार पौंड दंड झाला, पण ज्यांची नावं फुटली त्यांना त्याचा काय उपयोग. ब्रिटनच्याच संरक्षण खात्याने २०२१ मध्ये, काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर, तिथून सुटका व्हायची वाट बघणाऱ्या अफगाण लोकांना असाच सगळ्यांचे पत्ते उघडे टाकून मेल केला होता. तिथे मेल आयडी फुटणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याला नंतर साडेतीन लाख पौंड दंड लागला.

रिप्लाय ऑलच्या बाबतीतही तुम्ही एकटे नाही. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एक टेस्ट मेल चुकून जवळजवळ साडेआठ लाख खात्यांवर गेला, आणि मग "मला या यादीतून काढा" असं सगळ्यांना कळवणारे रिप्लाय ऑल सुरू झाले, सिस्टिम पार मंदावली. तुमचे वीस म्हणजे काहीच नाही.

एक खाच मात्र बीसीसीतही आहे. ऑफिसात साहेब दोघांना मेल करतात आणि तुम्हाला गुपचूप बीसीसीत ठेवतात, तुम्ही उत्साहात रिप्लाय ऑल दाबता, की त्या दोघांना कळलं तुम्ही दाराआड उभे होता. बीसीसीत मेल आला तर उत्तर फक्त पाठवणाऱ्यालाच द्यायचं, तेही जमल्यास फोनवर.

आणि थकबाकीदारांची यादी नोटिशीला जोडली नव्हतीत ना? जोडली असेल तर पुढच्या वेळी ज्याची थकबाकी त्यालाच वेगळा मेल.

प्रश्न: माझी सॅलरी स्लिप मला नवऱ्याला पाठवायची होती, नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली आणि ती गेली त्याच नावाच्या क्लायंटला. असं कसं होतं?
— पुणे

उत्तर: ऑटोफिल. तुम्ही एकदा कुणाला मेल केला की जीमेल तो पत्ता आपणहून लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी आधी तोच पुढे करतं.

तुम्ही मोठ्या लोकांच्या पंगतीत आहात बरं का. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जी-२० परिषद होती, तिथल्या इमिग्रेशन खात्यातल्या एकाने ३१ राष्ट्रनेत्यांचे पासपोर्ट नंबर, जन्मतारखा आणि व्हिसाचे तपशील मेल केले, आणि आउटलुकच्या ऑटोफिलमुळे ते पोचले एशियन कप फुटबॉल स्पर्धेच्या आयोजकांकडे. त्या यादीत ओबामा होते, पुतिन होते, आपले मोदीही होते.

उपाय दोन. जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन अनडू सेंड ३० सेकंदांवर ठेवा, मुळात ते ५ वर असतं आणि ५ सेकंदांत माणसाच्या छातीत धस्ससुद्धा होत नाही. तिथेच ऑटो-कम्प्लीटसाठी पत्ते आपोआप साठवणं बंद करता येतं. आणि एक माझा स्वतःचा नियम, पत्ता सगळ्यात शेवटी टाकायचा. आधी मजकूर, मग अटॅचमेंट, मग नाव. पत्ताच नसेल तर चुकून पाठव दाबलं तरी मेल कुठे जाणार?

क्लायंटला एक ओळीचा मेल करा, चुकून आलाय, कृपया डिलीट करा. जास्त स्पष्टीकरण देऊ नका, दिलंत की तो नक्की उघडून बघेल.

प्रश्न: कर्जासाठी एजंटला आधार आणि पॅन मेलवर पाठवू का? पीडीएफला पासवर्ड आहे, तो मी मेलमध्येच लिहितो. आणि जीमेलचा कॉन्फिडेन्शियल मोड वापरला तर?
— सेवानिवृत्त, कोल्हापूर

उत्तर: काका, कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखं झालं हे. आणि ई-आधारचा पासवर्ड काही फार अवघड नसतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष, म्हणजे नाव आणि जन्मतारीख असलेलं तुमचं पॅन त्याच मेलमध्ये असेल तर पासवर्डही मिळाला.

आधी एजंट खरंच बँकेचा आहे का ते शाखेत जाऊन विचारा. मग आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात. चालतंय का ते शाखेतच विचारून घ्या. झेरॉक्सवर जसं आपण आडवं लिहितो, अमुक बँकेच्या कर्जासाठी, तारीख, तसं फोटोवरही लिहा. काम झालं की सेंटमधून तो मेल काढून टाका, उद्या तुमचं खातं कुणी उघडलं तर पहिल्यांदा तिथेच शोधतील.

जीमेलमधल्या कॉन्फिडेन्शियल मोडचंही तुम्ही विचारलंय. त्यात फॉरवर्ड, कॉपी, प्रिंट आणि डाउनलोड बंद होतं, मुदत घालता येते. समोरच्याने दुसऱ्या मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढला तर त्याला गूगल काय करणार?

प्रश्न: मैत्रिणीने मला मेलवर लिहिलं की तिला नोकरी बदलायचीय, साहेबांचा जाच आहे वगैरे. माझ्या कंपनीत जागा आहे. तिचा मेल एचआरला फॉरवर्ड केला तर चालेल ना? तिच्या भल्यासाठीच.
— हिंजवडी

उत्तर: नको. तो मेल तिने तुम्हाला लिहिलाय, एचआरला नाही. तुमच्या एचआरमधल्या बाई आधी कुठल्या कंपनीत होत्या ते विचारा एकदा, हिंजवडीत सगळे एकमेकांकडूनच आलेले असतात. तिला संध्याकाळी फोन करा, सीव्ही मागवा, आणि तो नव्या मेलमध्ये जोडा.