वाचकांचे प्रश्न: हापूस, कमी सोडियमचं मीठ आणि विंचवाची गोळी

या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रं एकाच सुराची आहेत: "मोबाइलवर आलंय, डॉक्टरबाई, खरं का?" बहुतेकदा बातमी खोटी नसते. संशोधन झालेलं असतं, छापूनही आलेलं असतं. पण ते कोणावर केलं आणि कशाशी ताडून पाहिलं, एवढं मात्र राजापूरच्या बाजारात पोचेपर्यंत वाटेत गळून जातं. आज तेवढं परत जोडून देते. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला पेंढा काढताना विंचू चावला. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी गोळी दिली, इंजेक्शन नंतर. पाहुणे म्हणतात, विषावर गोळीने काय होतंय, उगाच वेळ घालवला. मुलगा बरा आहे, पण शंका जात नाही. (पोलादपूर)

दादा, तुमच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं. ती गोळी प्राझोसिनची. मुळात ही रक्तदाबाची गोळी. विंचवाच्या दंशावर ती चालते हे जगाला दाखवलं तुमच्या शेजारच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. पोलादपूरच्या माणसाने या गोळीवर शंका घ्यावी, याची मला गंमत वाटली.

तांबड्या विंचवाचं विष अंगातली अॅड्रेनलिनसारखी द्रव्यं एकदम मोकळी सोडतं. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयाचा दम तुटतो आणि फुफ्फुसात पाणी भरतं. माणूस दगावतो तो यामुळे. प्राझोसिन या आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. ते वापरात येण्याआधी, विष अंगभर भिनलेल्या शंभर रुग्णांपैकी तीसेक जात असत. नंतर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं.

आता इंजेक्शनचं. २०११ साली बावस्करांनीच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ७० रुग्णांवरची चाचणी छापली. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिविष लस. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले, दोन्ही औषधं मिळालेल्या गटात ३२ होते, नुसत्या गोळीच्या गटात ८. म्हणजे लस असली तर चांगलंच, रुग्ण लवकर उठतो. पण गोळी दोन्ही गटांत होती, तिला वगळून कोणी काही केलं नाही. पाहुण्यांना एवढंच सांगा.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांनी ओळखायला शिका. विंचू चावल्यावर पोर बोट धरून कळवळतंय, बोंब मारतंय, पण अंग कोरडं आणि ऊबदार आहे, तर बहुतेक वेळा धोका कमी. उलट दुखणं फारसं नाही, पण कपाळावर घामाचे थेंब, हातपाय गारठलेले, ओकाऱ्या होतायत, तर गाडी काढा. मुलगा शांत झाला म्हणून आयाबाया निर्धास्त होतात, आणि घोटाळा तिथेच होतो. आणि दिसण्यावर जाऊ नका. मोठी काळी इंगळी बघून घाबरगुंडी उडते, पण चिऱ्यांच्या फटीत आणि लाकडाच्या ढिगाखाली बसणारा लहानसा तांबडा विंचू तिच्यापेक्षा कितीतरी वाईट. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवा. उठवून चालवलंत तर रक्तदाब एकदम खाली येऊन चक्कर येते.

मी आंबा बागायतदार, वय ५८, दहा वर्षं मधुमेह. मुंबईच्या सुनेने बातमी पाठवली की आंब्याने साखर कमी होते, दिल्लीच्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय. आमच्या घरात याच्यावरून दोन तट पडलेत. निकाल द्या. (देवगड)

काका, निकाल तुम्हाला अर्धाच आवडेल.

बातमी २०२५ सालची आणि खरी. दोन अभ्यास आहेत. पहिल्यात ९५ जण होते, काही मधुमेही, काही नसलेले. त्यांना आंबा दिला आणि पांढरा ब्रेड दिला, आणि दोन्हीनंतर रक्तातली साखर कशी चढते-उतरते ते पाहिलं. आंब्यानंतरची साखर ब्रेडइतकीच किंवा थोडी कमी चढली. दुसरा अभ्यास आठ आठवड्यांचा, ३५ मधुमेहींचा. त्यात न्याहारीच्या ब्रेडऐवजी २५० ग्रॅम आंबा दिला. त्या लोकांची उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीएवनसी, वजन, कमरेचा घेर, सगळं थोडं थोडं सुधारलं.

आता बारकाईने बघा. ताडून पाहिलं ते पांढऱ्या ब्रेडशी. मैद्याचा ब्रेड साखर किती झपाट्याने चढवतो हे माझ्या दवाखान्यातला कंपाउंडरही सांगेल. त्याच्यापेक्षा आंबा बरा निघाला, यात आंब्याचं कौतुक आहे, पण बेतानेच. दुसरं, आंबा ब्रेडच्या *जागी* आला होता. तुमच्याकडे आंबा कशाच्याही जागी येत नाही. दोन वेळचा भात, माशाची कढी, वर चार घावणे, आणि मग "फोडी काप गं". शिवाय आंब्याच्या दिवसांत बागायतदाराच्या घरी विकायचा आंबा पेटीत जातो आणि डागी, साका निघालेला, पिकून मऊ झालेला आंबा घरच्यांच्या पोटात जातो. टाकायचा कसा? मग त्याचा रस निघतो, आणि रसात फळांची मोजदाद राहत नाही. चार आंब्यांचा रस एका वाटीत मावतो आणि पुरीबरोबर उतरतोही झटकन. अभ्यासातल्या लोकांना मोजून आंबा मिळत होता आणि वर आहाराचा सल्ला होता. तुमच्या माजघरात आहारतज्ज्ञ बसत नाही.

आणि तिसरं, जे देवगडकराला बोचेल: पहिल्या अभ्यासात आंबे होते सफेदा, दशहरी आणि लंगडा. हापूस नव्हता! उत्तरेतला अभ्यास, उत्तरेतले आंबे. हापूस वाईट ठरेल असं मी म्हणत नाही, पण लंगड्याचं प्रगतिपुस्तक हापूसच्या गळ्यात घालता येत नाही. ३५ माणसं आणि आठ आठवडे हाही फार मोठा कारभार नव्हे.

मग करायचं काय? एचबीएवनसी सातच्या आसपास असेल तर आंबा सोडू नका. एक मध्यम फळ, फोडी करून, जेवणाबरोबर नाही, तर दुपारी चारला चहा-खाऱ्याच्या जागी. रस नको, साठं नको. साठं म्हणजे आटवलेला रस, त्यात साखर वर पडलेली. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर खायच्या आधी आणि दोन तासांनी बोट टोचा, चार-पाच दिवस वहीत लिहा. तुमच्या हापूसचा तुमच्या अंगावरचा अभ्यास तुमचा तुम्हाला करता येतो, तो दिल्लीच्या अभ्यासापेक्षा तुमच्या जास्त उपयोगाचा. एचबीएवनसी नऊच्या वर असेल तर यंदा बाठा चोखण्यावर भागवा. आणि "आंब्याने साखर उतरते" म्हणून गोळी बंद केलेली माणसं मे महिन्यात माझ्याकडे येतात, तुम्ही त्यांत नको.

सुनेला तेवढीच दुसरी बातमीही पाठवा: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली छापून आलेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांत जास्त निघालं ते गोव्यात, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. बांद्याचा नाका ओलांडला की गोवा. खाणं-पिणं, भात-मासे, स्कूटरवरून चार पावलांवर जाणं, यात आपण त्यांच्यापेक्षा फार निराळे नाही.

वय ७४. हृदयाचा काही त्रास नाही. शेजारी रोज अॅस्पिरिनची छोटी गोळी घेतो, मीही सुरू करू का? (अलिबाग)

नको. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ ज्येष्ठांवर हेच पाहिलं होतं, २०१८ साली निकाल आला. तुमच्यासारख्या निरोगी माणसांना फायदा झाला नाही, मोठा रक्तस्राव मात्र वाढला: हजारात २८ जणांना व्हायचा तो ३८ जणांना. शेजाऱ्याला झटका येऊन गेला असेल किंवा स्टेंट असेल तर त्याचा हिशोब वेगळा, त्याला तुम्ही गोळी बंद करायला सांगू नका.

मुलाने पुण्याहून "कमी सोडियमचं मीठ" आणलं. म्हणतो, चीनमध्ये या मिठाने अर्धांगाचे झटके कमी झाले. यांना ब्लडप्रेशर आहे, टेल्मिसार्टन चालू आहे. मागच्या तपासणीत क्रिएटिनिन २.१ आलं होतं. हे मीठ वापरू का? सुकी मासळी तरी खाऊ द्यायची का? (वेंगुर्ला)

ताई, पत्रात क्रिएटिनिनचा आकडा लिहिलात, फार बरं केलंत. मूत्रपिंड किती काम करतंय ते या तपासणीतून कळतं, आणि २.१ म्हणजे यांचं मूत्रपिंड अधू आहे. त्या आकड्यामुळेच माझं उत्तर "नको" आहे.

मुलाची माहिती बरोबर आहे. उत्तर चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर पाच वर्षं हा अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला. निम्म्या खेड्यांना साधं मीठ, निम्म्यांना असं मीठ ज्यात चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड. झटक्यांचं प्रमाण १४ टक्क्यांनी आणि मृत्यूंचं १२ टक्क्यांनी उतरलं. नुसतं मीठ बदलून एवढं साधणं ही मोठीच गोष्ट, आणि जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा मिठाची शिफारस केली. पण मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना चीनच्या अभ्यासात घेतलंच नव्हतं, आणि संघटनेची शिफारसही त्यांच्यासाठी नाही. कारण सरळ आहे. जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंड बाहेर टाकतं. ते अधू असेल तर पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. त्यात टेल्मिसार्टनही पोटॅशियम थोडं वाढवणारंच. तेव्हा ते पाकीट यांच्या ताटापासून लांब ठेवा. पुढच्या तपासणीत रक्तातलं पोटॅशियम मोजून घ्या, आणि "थंड असतं" म्हणून रोज शहाळं पाजत असाल तर तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तुमचं स्वतःचं मूत्रपिंड ठणठणीत असेल आणि पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू नसेल, तर तुम्ही ते मीठ जरूर वापरा. पण एका घरात दोन बरण्या ठेवून भागत नाही, हे मला कळतं. कालवण एकच होतं. त्यापेक्षा साधंच आयोडीनचं मीठ ठेवा आणि हात आखडता घ्या. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. सुट्टं खडेमीठ स्वस्त मिळतं, पण त्यात आयोडीन नसतं. (शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली लोकांनी मिठासाठी लाठ्या झेलल्या. त्याच तालुक्यातून "मीठ कमी करा" लिहून मागवणारं पत्र यावं!)

सुक्या मासळीत भेद करा. वलांडीवर उन्हात वाळवलेल्या बोंबलांना सहसा मीठ लावत नाहीत. खारा बांगडा म्हणजे मात्र मिठाचा खडाच. तो यांना नको. बोंबील, सोडे चालतील, तेही पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून देऊन, आणि आमटीत वेगळं मीठ न घालता. कोकमाचा आंबटपणा आणि तिरफळं असली की जिभेला फसवता येतं.

रक्तदाबाच्या सरकारी कार्यक्रमाचं काम राज्यात पहिल्यांदा ज्या चार जिल्ह्यांत सुरू झालं, त्यांत तुमचा जिल्हा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात, दर महिन्याला रक्तदाब लिहूनही देतात. त्याचा फायदा घ्या.

धाकटा भाऊ मुंबईला कामाला होता, टीबी घेऊन घरी आलाय. वजन ४१ किलो. औषध सुरू आहे. आई प्रोटीनचा महागडा डबा आणायला सांगते. घरात दोन लहान मुलं आहेत. (चिपळूण)

डबा राहू द्या. ते पैसे वाण्याकडे द्या.

झारखंडमध्ये २,८०० टीबी रुग्ण आणि त्यांच्या घरातल्या १०,३४५ माणसांवर झालेला 'रेशन्स' नावाचा अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. सगळ्या रुग्णांना औषधाबरोबर दरमहा शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल, आणि जीवनसत्त्वाची गोळी. निम्म्या घरांत बाकीच्या माणसांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. डाळ-तांदळाने! लस नाही, नवं औषध नाही. रुग्णांमध्ये पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला.

तुमच्या भावाला ५ टक्के म्हणजे दोन किलो. दोन महिन्यांत ४३ वर काटा गेला पाहिजे. दर आठवड्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी वजन करा. सकाळी पेज, तिच्यात तूप. दुपारी भात आणि कुळथाची पिठी, पातळ नको, दाट. रोज एक अंडं, जमलं तर दोन. जवळा, मुडदुशे जे स्वस्त मिळेल ते. रात्री झोपताना दूध. मळमळ होत असेल तर थोडं थोडं, पाच-सहा वेळा. महिन्यात अर्धा किलोही चढलं नाही तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. औषध लागू पडत नसेल, नाहीतर साखर वाढलेली असेल.

मुलांना उपाशी ठेवून सगळं भावाच्या ताटात वाढू नका, आया तसं करतात. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या आणि मुलांना प्रतिबंधक गोळ्या लागतील का ते आरोग्य केंद्रात विचारा. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून. ते थेट बँकेत जमा होतात. भावाचं नाव मुंबईत नोंदलेलं असेल तर ते इकडच्या केंद्रात बदलून घ्या आणि खात्याचा नंबर दिलाय ना, तेही तपासा. खातं बंद पडलेलं असलं तर पैसे अडकून बसतात, आणि ते कोणी आपणहून कळवत नाही.