तैलरंगात लहान स्टडी करून नेमकं काय साधतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही तैलरंगात दोन-अडीच फुटांचे कॅनव्हास करता, एकेक चित्र महिनाभर चालतं, सुरुवात छान होते आणि पुढे रंगांचा चिखल होतो. सर सांगतात, आधी लहान स्टडी, म्हणजे अभ्यासाची झटपट चित्रं, करा. तुम्हाला वाटतं, तोच वेळ मोठ्या चित्राला दिला तर काय बिघडलं?

सरांचं ऐका. मी स्वतः बरीच वर्षं लहान बोर्डवर काम करतोय, आणि माझ्या मोठ्या चित्रांमध्ये जे काही चांगलं आहे ते तिथूनच आलंय.

आधी चिखलाबद्दल बोलू. आकाश एका टोनमध्ये, म्हणजे एका ठरावीक उजळ-गडदपणात, लावलं. मग झाडं लावल्यावर ते फिकं वाटलं, म्हणून ओल्यावरच गडद केलं. आता झाडं उठेनात, म्हणून झाडांवर पुन्हा हात फिरवला. तिसऱ्या फेरीपर्यंत प्रत्येक रंगात शेजारचा रंग मिसळलेला असतो आणि सगळीकडे एकच तपकिरी-करडा थर बसतो. रंग वाईट नसतात, ब्रशही नाही. चित्र चालू असताना आपलं मत तीनदा बदललेलं असतं. मोठ्या कॅनव्हासवर आकाशाचा टोन बदलायचा तर अख्खी दुपार जाते, आणि इतका रंग पुसायला जीव होत नाही म्हणून आपण पुसत नाही, वरून लावत राहतो. सहा बाय आठ इंचाच्या बोर्डवर तेच आकाश नाइफने (रंग मिसळायच्या बोथट सुरीने) खरवडून दोन मिनिटांत नव्याने लावता येतं. मत तिथे बदलून घ्यायचं, हवं तितकं.

लहान स्टडी म्हणजे लहान आकाराचं चित्र, हा समज मात्र आधी काढून टाका. त्या समजाने बसलात तर पानं, कौलं, खिडकीचे गज काढत बसाल आणि तीन तासांनी हाती एक शुभेच्छापत्र लागेल. स्टडीला एकच प्रश्न विचारायचा असतो. उन्हातला दगड आणि सावलीतला दगड यांच्यात किती अंतर आहे? ढगाची खालची बाजू डोंगरापेक्षा उजळ आहे की गडद? उत्तर मिळालं की स्टडी संपली, मग बोर्डचा कोपरा कोरा राहिला तरी चालेल.

एक उदाहरण देतो. वाईजवळ मेणवलीला कृष्णेचा घाट आहे, नाना फडणविसांच्या वाड्यामागचा. आपल्याकडचे चित्रकार तिथे नेहमी जातात. सकाळी साडेनऊच्या सुमारास पायऱ्यांवर ऊन असतं आणि झाडाखाली गडद सावली. समजा त्या सावलीत पांढरं धोतर नेसलेले एक आजोबा बसलेत. दगड काळा आणि धोतर पांढरं, हे आपल्याला बघण्याआधीच माहीत असतं, म्हणून हात आपोआप दगडाला काळा आणि धोतराला ट्यूबमधला पांढरा उचलतो. डोळे बारीक करून दोन्ही एकदम बघा. उन्हातल्या पायरीची वरची बाजू आणि सावलीतलं धोतर टोनला जवळजवळ सारखंच दिसतं. फरक आहे तो उष्ण-थंडचा, म्हणजे एक पिवळसर आणि दुसरं निळसर. पायरीसाठी पांढऱ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि चिमूटभर अल्ट्रामरीन (गडद निळा). धोतरासाठी पांढऱ्यात अल्ट्रामरीन जास्त आणि तो विझवायला किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). हे दोन रंग पॅलेटवर शेजारी शेजारी ठेवा आणि पुन्हा डोळे बारीक करा. दोघांमधली कड नाहीशी झाली तर मिश्रण बरोबर. मग बोर्डवर फक्त चार डाग लावा: पायरीची वरची बाजू, पायरीची उभी बाजू, धोतर आणि झाडाखालची सावली. नाक-डोळे नाहीत, दगडांच्या सांधी नाहीत. तरी दहा फुटांवरून बघणारा सांगेल की इथे ऊन पडलंय. हे चार डाग एकमेकांशी जुळले नाहीत, तर मोठ्या कॅनव्हासवर शंभर तास घालूनही ऊन पडणार नाही.

आता कोणी विचारेल, हे जलरंगात का नको? आपल्याकडे बाहेर बसून निसर्गचित्र म्हणजे जलरंगच. सावळाराम हळदणकरांसारख्यांनी ते माध्यम इतकं उंच नेलं की दुसरं सुचतच नाही. पण मोठं चित्र तैलरंगात करायचं असेल तर अभ्यासही त्यातच हवा, कारण विचाराचा क्रमच उलटा आहे. जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा पांढरा, तो राखत राखत गडदाकडे जायचं. तैलरंगात आपण बहुतेकदा गडदाकडून सुरू करतो आणि उजेड शेवटी, जाड रंगात ठेवतो. शिवाय जलरंग वाळल्यावर फिका होतो आणि अ‍ॅक्रेलिक थोडा गडद. तैलरंगात पॅलेटवर जो टोन मिसळला, वाळल्यावरही जवळपास तोच राहतो. म्हणून तैलरंगातली स्टडी घरी नेऊन तिच्याशी नवा रंग ताडून बघता येतो. फक्त अंबरसारखे (मातकट तपकिरी) गडद रंग वाळल्यावर निस्तेज दिसतात. तिथे जवसाच्या तेलाचं अगदी पातळ बोट फिरवून पुसून घेतलं की मूळ खोली परत दिसते.

ही काही आजची युक्ती नाही. पिएर-आंरी द व्हॅलेन्सिएन हा फ्रेंच चित्रकार १७८०च्या दशकात रोममध्ये कागदावर तैलरंगात लहान स्टडी करत असे. त्याने एकच छप्पर एकदा उन्हात आणि एकदा सावलीत रंगवलंय. ते दोन्ही आज पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहेत. १८०० साली आलेल्या पुस्तकात त्याने विद्यार्थ्यांना वेळही आखून दिली: बाहेरच्या स्टडीला फार तर दोन तास, आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या स्टडीला अर्धा तास, कारण त्यानंतर समोरचा उजेड तो राहिलेलाच नसतो. मला ही अट फार मोलाची वाटते. घड्याळ लावून बसलं की हात आपोआप महत्त्वाच्या गोष्टीकडे जातो. आणि हे सगळं रंगांच्या ट्यूब येण्याआधीचं, बरं का. धातूची दाबायची ट्यूब जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली काढली. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावा लागे. आपल्या झोळीत सात ट्यूब सहज मावतात, तेव्हा अवघडपणाची सबब आपल्याला नाही.

जॉन कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकाराने १८२१-२२मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांच्या स्टडी केल्या. कितीतरी कागदांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवलेली आहे. ही सवय उचलाच. वाळलेल्या बोर्डमागे 'ऑगस्ट, दुपारी चार, पाऊस नुकताच थांबलेला, उजेड डावीकडून' एवढं लिहिलेलं असलं की दोन वर्षांनी तोच बोर्ड फोटोपेक्षा जास्त कामाला येतो. फोटोत पावसाळी आकाश पांढरंफटक तरी येतं, नाहीतर डोंगर काळाकुट्ट. डोळ्याला दोन्ही एकदम दिसतात.

पण स्टडी केली, आता चौकट आखून मोठी केली की झालं, असं होत नाही. बहुतेक जण इथेच अडकतात आणि मग स्टडीला दोष देतात. कॉन्स्टेबललाही ही अडचण होती. 'द हे वेन' या १८२१च्या सहा फुटी चित्रासाठी त्याने आधी त्याच मापाचं आणखी एक तैलरंगातलं कच्चं चित्र केलं, म्हणजे लहान स्टडी आणि पक्कं चित्र यांच्यामध्ये एक पूर्ण पायरी घातली. ते कच्चं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

एवढं आपल्याला नको, पण गणित समजून घ्या. सहा बाय आठचा बोर्ड चोवीस बाय बत्तीसच्या कॅनव्हासवर नेला की लांबी-रुंदी चौपट होते, क्षेत्रफळ सोळापट. बोर्डवर अर्ध्या इंचाचा फ्लॅट ब्रश वापरला असेल तर कॅनव्हासवर दोन इंची हवा. आपण तोच अर्ध्या इंचाचा ब्रश घेऊन बसतो आणि जो डाग एका फटक्यात पडला होता तो पन्नास बारीक फटक्यांत भरतो. स्टडीतला ताजेपणा गेला म्हणतात तो इथे जातो. रंगही सोळापट लागतो. सुरुवात करण्याआधी चार-पाच मुख्य टोन नाइफने भरपूर मिसळून ठेवा. प्रत्येकाचा ठिपका नाइफच्या टोकावर घेऊन स्टडीला भिडवून बघा, जुळला की तो ढीग पक्का. अर्ध्या आकाशात रंग संपला आणि नवा मिसळला की टोन हमखास हलतो, आणि तुम्ही सांगताय तो चिखल पुष्कळदा तिथूनच सुरू होतो.

स्टडीला चिकटूनही राहायचं नसतं. कॅनडाचा टॉम थॉमसन अल्गॉनक्विन पार्कच्या जंगलात डोंगीने फिरत साधारण २१ बाय २७ सेंटिमीटरच्या लाकडी फळ्यांवर रंगवायचा. 'द जॅक पाइन' हे त्याचं मीटरभराहून मोठं चित्र १९१६च्या अशाच एका फळीवरून आलं, पण मोठं करताना आकाश त्याने बदललं. झाड आणि तलावापलीकडचे डोंगर यांचं नातं त्याला फळीवर सापडलेलं होतं, म्हणून बाकी बदलायची मोकळीक मिळाली. जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचंही तसंच. पॅरिसजवळच्या 'ग्रांद जात' बेटावरच्या रविवारचं त्याचं चित्र दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. १८८४पासून त्यासाठी तो त्या बेटावर जाऊन वहीएवढ्या फळ्यांवर रंगवत होता. त्या फळ्या बघितल्या की कळतं, कुठे फक्त गवतावरच्या उन्हाची पट्टी आहे, कुठे एकटी बसलेली आकृती. मोठ्या चित्रातला एकेक प्रश्न सुटा केलेला.

साहित्याचं फार काही नाही. एमडीएफचे तुकडे सुताराकडून कापून घ्या, दोन्ही बाजूंनी गेसो (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर) द्या म्हणजे वाकत नाहीत, आणि वर बर्न्ट सिएनाचा टर्पेंटाइनमधला पातळ हात देऊन वाळू द्या. पांढऱ्याशुभ्र बोर्डवर प्रत्येक टोन गडद भासतो, म्हणून हा हात. रंग: टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, एक थंड (लिंबाकडे झुकणारा) पिवळा, कॅडमियम रेड किंवा त्याचा पर्यायी लाल, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, आयव्हरी ब्लॅक. हिरव्याची ट्यूब घेऊ नका. पावसाळ्यातला सह्याद्री ट्यूबमधल्या हिरव्याने कधीच जमत नाही, तो प्लास्टिकसारखा दिसतो. पिवळ्यात आयव्हरी ब्लॅक टाकून बघा, सुंदर शेवाळी हिरवा येतो. अल्ट्रामरीन आणि ऑकरचा हिरवा दूरच्या डोंगराला. आणि पॅलेटवर रंग भरपूर काढा. मोठ्या कॅनव्हासवर काटकसरीने रंग चोळायची सवय लागते ती लहान बोर्डवरच सुटते, कारण तिथे उदार होऊनही ट्यूब संपत नाही.

ओले बोर्ड घरी आणायचे तर दोन बोर्ड समोरासमोर धरून चार कोपऱ्यांत आगकाड्यांचे तुकडे ठेवायचे आणि रबर लावायचं. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत वाळायला फार वेळ लागतो. पांढरा जाड असेल तर दोन-दोन आठवडेही जातात, तेव्हा कपाटात कोंडू नका, बुरशी धरते. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं, त्यात उष्णता तयार होते, आणि असा गोळा आपोआप पेटू शकतो. फडकी सुटी पसरून वाळवा.

विकण्याचा विचार पहिलं वर्ष तरी करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आलं की बोर्ड चारही कोपऱ्यांपर्यंत पूर्ण करावासा वाटतो आणि प्रश्न बाजूला राहतो.

सध्या जो कॅनव्हास अडलाय त्याचं असं करा. तो भिंतीकडे तोंड करून ठेवा. त्याच विषयाच्या तीन स्टडी करा: पहिली फक्त पांढरा आणि आयव्हरी ब्लॅक घेऊन, चार टोनमध्ये; दुसरी रंगात, पण अर्ध्या इंचाहून लहान ब्रश न वापरता; तिसरी, जिथे चित्र अडलंय तेवढ्याच भागाची. मग कॅनव्हास इझलवर घेऊन शेजारी तिन्ही बोर्ड लावा आणि सहा-सात पावलं मागे जाऊन बघा. जिथे जुळत नाही तो भाग ओला असेल तर पूर्ण खरवडून काढा. वाळला असेल तर त्यावर नवा थर द्या, खालच्यापेक्षा थोडा जास्त तेलाचा, म्हणजे पुढे तडकणार नाही. त्या भागात मात्र इथे-तिथे डागडुजी करू नका, तो एका बैठकीत सगळा नव्याने लावा.