मुलांच्या भाजलेल्या जखमा : वॉर्डात नव्याने येणाऱ्यांसाठी

मूल भाजून आले की लगेच मलमाकडे हात जाऊ देऊ नका. भाजून तीन तास उलटले नसतील तर जखमेवर २० मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडा. बाकीचे अंग मात्र पांघरुणात ठेवा, कारण तान्ही मुले फार लवकर गारठतात. टूथपेस्ट किंवा हळद लावून आणले असेल तर ती हळुवार धुवा, आणि आईला बोल लावू नका, ती आधीच खचलेली असते.

सिल्व्हर सल्फाडायझिन या भाजल्यावर सर्रास लावल्या जाणाऱ्या मलमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. चहा सांडून झालेल्या उथळ, गुलाबी, ओलसर जखमेवर ते लावले की पांढरट थर साचतो, जखम किती खोल आहे याचा अंदाज येत नाही आणि रोज पुसताना नवी त्वचाही दुखावते. दोन महिन्यांखालील बाळाला तर ते वर्ज्यच. अशा स्वच्छ जखमेवर कोलॅजन शीट (कोलॅजन या प्रथिनाचा पातळ पापुद्रा) किंवा न चिकटणारी जाळी बसवल्यास रोजचे ड्रेसिंग, म्हणजेच रोजचा आकांत, टळतो. मुंबईत केळीच्या पानाचे ड्रेसिंगही यासाठीच वापरले गेले, कारण पान जखमेला चिकटत नाही.

वेदनाशामक आधी द्या, प्रत्येक बोट सुटे गुंडाळा. ताप, पुरळ, उलट्या दिसल्यास, जखम वरून कितीही स्वच्छ वाटली तरी, वरिष्ठांना तत्काळ बोलवा.