पाण्याच्या टाकीवरून ॲल्युमिनियमच्या पॉटमधले बुडबुडे कळतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.टेक.च्या प्रकल्पासाठी सरांनी ॲक्रिलिकची टाकी, पाणी आणि हवा घेऊन सुरुवात करायला सांगितली आहे. खऱ्या पॉटमध्ये, म्हणजे ॲल्युमिनापासून (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडपासून) विजेने धातू काढायच्या भट्टीत, तर ९६० अंशांचं वितळलेलं क्रायोलाइट (ॲल्युमिना विरघळवणारा क्षार) असतं, मग पाण्यात बघून काय कळणार?

बरंच कळतं. मीही सुरुवात तिथूनच केली होती. तापमानाची धास्ती सोडा. क्रायोलाइटचा बाथ, म्हणजे तो वितळलेला द्रव, पाण्याच्या साधारण दुप्पट जड आणि चिकटपणा सुमारे अडीचपट. एकाला दुसऱ्याने भागलं की उत्तर जवळपास पाण्याइतकंच येतं. पृष्ठताणाचंही तसंच. म्हणून बुडबुडा कडेने निसटून वर जाताना बाथला कसा ओढतो, हे पाण्यात बऱ्यापैकी खरं दिसतं.

पाणी फसवतं ते ॲनोडच्या, म्हणजे बाथमध्ये वरून बुडवलेल्या कार्बनच्या ठोकळ्याच्या, तळाशी. वीज गेली की वायू तिथेच तयार होतो. वितळलेला बाथ कार्बनला नीट भिजवत नाही, त्यामुळे वायू तळाला चिकटून पसरतो. बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळत जाऊन काही मिलिमीटर जाडीची, पण हातभर पसरलेली चकती होते आणि मग ती कडेकडे सरकते. पाणी ॲक्रिलिकला जास्त भिजवतं, म्हणून तिथे बुडबुडे लवकर सुटतात. दुसरं म्हणजे, तुम्ही हवा ॲनोडच्या जागी बसवलेल्या सच्छिद्र प्लेटमधून सोडणार, ती सगळीकडून सारखीच येणार. खऱ्या ॲनोडवर जिथे बुडबुडा बसला तिथून विद्युतप्रवाह जात नाही, तो उघड्या जागेकडे वळतो आणि नवा वायू तिकडे तयार होतो. ही देवाणघेवाण टाकीत नसते. ती गणितातच घालावी लागते.

हवेचा दर ठरवताना एक चूक हमखास होते. १० किलोॲम्पिअरच्या एका ॲनोडखाली, सगळा वायू कार्बन डायऑक्साइड धरला, तर ९६० अंशांना सेकंदाला सुमारे अडीच लिटर तयार होतो. हिशोब खोलीच्या तापमानाला केला तर याच्या चौथाईच येईल आणि पुढचं सगळं चुकेल. ॲनोड छोट्या मापाचा केलात तर दर क्षेत्रफळाच्या हिशोबाने घ्या.

एवढी उस्तवार कशासाठी? ॲनोड आणि पॉटच्या तळाशी साचलेला वितळलेला धातू यांच्यात अंतर असतं जेमतेम चार-पाच सेंटिमीटर. त्यात वायूचा थर सुमारे ०.२ व्होल्ट खातो असं धरलं, तर ३०० किलोॲम्पिअरच्या पॉटमध्ये ६० किलोवॅट वीज फक्त बुडबुड्यांत जळते, अहोरात्र. आणि याच बुडबुड्यांशिवाय फीडरने टाकलेला ॲल्युमिना पसरणार नाही, पॉटच्या एखाद्या कोपऱ्यात तो कमी पडून ॲनोड इफेक्ट होईल, म्हणजे ॲनोड वायूने झाकला जाऊन व्होल्टेज एकदम चढेल. बुडबुडे हवेत, पण तळाखाली रेंगाळायला नकोत. ॲनोडला खाचा पाडतात त्या याचसाठी.

संगणकावर सगळा पॉट आणि प्रत्येक बुडबुडा एकदम धरायला जाऊ नका. बुडबुड्याचा खेळ सेकंदभराचा, ॲल्युमिना पसरायला मिनिटं लागतात. आधी एकाच ॲनोडखाली व्हॉल्यूम-ऑफ-फ्लुइड पद्धतीने (द्रव आणि वायू यांच्यातली सीमा धरून) काही सेकंद सोडवा. त्यातून सरासरी ओढ आणि वायूचं प्रमाण काढून संपूर्ण पॉटच्या सरासरी मॉडेलला द्या, आणि बाथच्या स्थिरावलेल्या प्रवाहावर ॲल्युमिनाचं समीकरण चालवा. खालच्या धातूचं फिरणं मुख्यतः चुंबकीय बलांमुळे असतं, ते वेगळं सोडवून जोडता येतं.

पडताळणीसाठी टाकीत वेग मोजाच, पण कारखान्यातून ॲनोडच्या विद्युतप्रवाहाची नोंद मिळाली तर सोडू नका. मोठा बुडबुडा सुटला की प्रवाह हलतो. ती लय तुमच्या मॉडेलमध्ये दिसली पाहिजे.

आणि प्लेटची धारदार कड घासून गोल करून एकदा पुन्हा चालवा. नवा ॲनोड पॉटमध्ये काही दिवसांतच तसा गोल होतो, आणि वायू सुटण्याची तऱ्हा त्याने चांगलीच बदलते.