भास, भ्रम, वात, चळ : केसपेपरवरच्या शब्दांविषयी

कोल्हापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. विशीतल्या भाच्याला सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. डॉक्टरांनी आईला विचारलं, ‘भास होतात का?’ आई म्हणाली, ‘भास न्हाई, भ्रम झालाय त्येला.’ केसपेपरवर ‘सायकोसिस, एफ २९’ असं लिहून आलं. घरात कुणी त्याला स्किझोफ्रेनिया म्हणतं, म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व. कुणी ‘बाहेरचं’ म्हणतं. तर भास आणि भ्रम एकच का, स्किझोफ्रेनियाला मराठीत नेमकं काय म्हणावं, आणि एफ २९ ला काय?

आधी भास आणि भ्रम. हे दोन्ही एक नाहीत, आणि फरक नुसता शब्दांचा नाही. अंधारात पडलेली दोरी साप वाटली, तर तिथं दोरी तरी होती. काहीच नसताना साप दिसला, तर ती वेगळी गोष्ट. आणि साप दिसत नाही, पण ‘शेजाऱ्यानं माझ्या घरात साप सोडलाय’ ही खात्री कोणत्याही पुराव्यानं ढळत नाही, ही तिसरी. पहिली गोष्ट तुमच्याआमच्या बाबतीत रोज घडते. दुसरी डोळ्याकानांच्या पातळीवरची, तिला दवाखान्यातल्या मराठीत भास म्हणतात. तिसरी समजुतीची, तो भ्रम.

पुस्तकी परिभाषेनं इथं मदत कमी आणि घोळ जास्त केला आहे. दोरीच्या सापाला भ्रम, बिनदोरीच्या सापाला निर्वस्तुभ्रम किंवा विभ्रम, आणि घट्ट खोट्या समजुतीला संभ्रम, अशी एक वाटणी मानसशास्त्राच्या पुस्तकांत आढळते. पण बोलण्यात आपण ‘संभ्रमात पडलो’ कधी म्हणतो? काही ठरवता येत नाही तेव्हा. इथं तर रुग्णाचं पक्कं ठरलेलं असतं, त्याला शंका म्हणून उरलेली नसते. त्यामुळे या अर्थानं संभ्रम हा शब्द मला तरी अगदीच उलटा वाटतो. ‘गैरसमज’ही चालत नाही, कारण गैरसमज बोलून दूर होतो. भास आणि भ्रम ही बोलीतली जोडी पुरेशी आहे.

म्हणजे आईचं उत्तर मराठी म्हणून चुकीचं नव्हतं. तिनं समजुतीबद्दल सांगितलं, विचारणारा कानाबद्दल विचारत होता. अशा वेळी केसपेपरवर ‘भास नाहीत’ अशी नोंद होऊन बसते. नेमका प्रश्न असा हवा : आसपास कुणी नसताना आवाज ऐकू येतो का? शब्द कळतात, की नुसती गुणगुण असते? आवाज त्याच्याशी बोलतो, की दोघेतिघे त्याच्याविषयी आपसात बोलतात? ‘बघा, आता उठला, आता दार लावतोय’ अशी कॉमेंट्री चालते का? शेवटच्या दोन प्रकारांना स्किझोफ्रेनियाच्या निदानात जुन्या काळापासून वजन आहे. नवे निकष केवळ त्यावर निदान करत नाहीत, तरी प्रश्न विचारला जातोच. उलट, झोप लागता लागता कुणी हाक मारल्यासारखं वाटणं किंवा घरातलं माणूस गेल्यावर काही दिवस त्याचा आवाज कानी पडणं हा आजार नव्हे.

आवाज नाहीत, नुसतीच माणसं, किडे, जनावरं दिसतात, असं असेल तर आधी शरीराकडे पाहावं. इथं मराठीत एक फार चांगला शब्द होता, तो आपण घालवला. ‘तापात वात झाला’, ‘वाताच्या भरात बरळतोय’ असं जुनी माणसं म्हणत. वेड निराळं आणि वात निराळा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज ‘आजीला वात झालाय’ म्हटलं की समोरचा गुडघ्यांना तेल सुचवतो. डॉक्टर ज्याला डिलिरियम म्हणतात तो हाच वात. तो काही तासांत किंवा एकदोन दिवसांत सुरू होतो, दिवसभरात कमीजास्त होतो, दिवेलागणीनंतर वाढतो. मुख्य खूण म्हणजे लक्ष टिकत नाही. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा : रविवार, शनिवार, शुक्रवार... एरवी सहज म्हणणारं माणूस मध्येच हरवतं, पुन्हा सोमवारवर येतं. कारणं बहुधा साधी असतात : लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम किंवा साखर उतरणं, नवीन सुरू केलेली गोळी. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली, तर पहिल्या दिवशी हात थरथरतात आणि साधारण ४८ ते ९६ तासांत हा वात उसळू शकतो. त्यात जीव जाऊ शकतो. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, नेताना अशा माणसाला मनोविकाराच्या ओपीडीच्या रांगेत नव्हे, थेट अपघात विभागात न्यावं.

‘म्हातारचळ’ हा शब्दही जपून वापरावा, कारण त्याखाली तीन गोष्टी झाकल्या जातात. महिने-वर्षं घेत हळूहळू वाढतो तो स्मृतिभ्रंश. दोन दिवसांत उमटतो तो वात. आणि तिसरं म्हणजे म्हातारपणातलं नैराश्य. त्यात माणूस स्वतःच तक्रार करतो, ‘काय ध्यानातच ऱ्हाईना बघा.’ स्मृतिभ्रंशात बहुधा तक्रार घरचे करतात आणि रुग्ण म्हणतो, मला काय धाड भरलीय?

आता स्किझोफ्रेनिया. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हा शब्द मांडला आणि १९११ च्या ग्रंथातून तो रूढ झाला. ग्रीक मुळांचा अर्थ फाटणे आणि मन असा आहे, पण ब्लॉयलर यांना एका देहात दोन माणसं म्हणायची नव्हती. विचार, भावना आणि कृती यांची एकमेकांशी असलेली सांधेजोड निसटते, हे त्यांना सांगायचं होतं. दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व हा वेगळाच, क्वचित दिसणारा विकार आहे. आपला ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द मूळ अर्थाला धरून आहे, तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं तुकडेच येतात. जपानमध्ये ‘मन दुभंगण्याचा रोग’ अशा अर्थाचं नाव २००२ मध्ये अधिकृतपणे बदललं गेलं, ते या गैरसमजामुळं आणि त्यातून येणाऱ्या कलंकामुळं. मराठीत स्किझोफ्रेनिया हाच शब्द सरळ वापरावा, असं माझं मत आहे. मधुमेहाला लोक शुगर म्हणतात, त्यानं कुणाचं बिघडलेलं नाही.

या आजारातले भास आणि भ्रम आसपासच्या सगळ्यांच्या लक्षात येतात. लक्षात न येणारी बाजू वेगळीच : बोलणं दोन-चार शब्दांवर येतं, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, आंघोळ टळते, मित्र सुटतात. घरचे याला ‘आळशी झालाय’, ‘मोबाइलचा नाद’ म्हणतात आणि ओपीडीत सांगतच नाहीत. पुष्कळदा हे बदल आवाज सुरू होण्याच्या कितीतरी आधीचे असतात, म्हणून कधीपासूनचे हे सांगणं महत्त्वाचं. भाचा विशीतला आहे, तर गांजा आणि इतर नशेचा प्रश्नही येणार, कदाचित लघवीची तपासणीही. त्यात अपमान वाटून घेऊ नये. नशेतून आलेला आजार आणि हा आजार पहिल्या आठवड्यात अगदी सारखे दिसू शकतात.

‘बाहेरचं’ या शब्दाविषयी थोडंसं. जोतिबाच्या यात्रेत किंवा घरच्या गोंधळात अंगात येणं, ठरल्या वेळी येऊन ठरल्या वेळी उतरणं, हा विधीचा भाग असेल तर वैद्यकशास्त्रही त्याला आजार म्हणत नाही. तसं निकषांतच लिहिलेलं आहे. विधीबाहेर, नको असताना, कामधंदा मोडून वारंवार येत असेल तरच तो प्रश्न दवाखान्याचा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र ‘टेन्शन’ या शब्दानं केलं आहे. काळजी, दुःख, राग, बीपी, परीक्षा, सगळ्याला तो चालतो, म्हणजे निदानासाठी कशालाच चालत नाही. त्यापेक्षा जुने शब्द पाहा. ‘काळजी लागलीय’ म्हणजे मन पुढच्या गोष्टींभोवती फिरतंय. घर, पैसा, तब्येत अशा अनेक बाबतींत ती सहा महिने बहुतेक दिवस आवरता येत नसेल, सोबत अंग आखडणं, चिडचिड, झोपमोड असेल, तर तो चिंताविकार. ‘जीव घाबरा होतो’ हे वेगळं : धडधड, घाम, श्वास कोंडणं, आता मरतो अशी भीती, आणि हे सगळं काही मिनिटांत टोकाला जाऊन ओसरतं. त्याला पॅनिक म्हणतात. पण पहिल्यांदा होत असेल तर आधी ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहावं. असा झटका एकदा येऊन गेल्यावर ‘परत आला तर?’ म्हणून एसटीत बसायचं सोडणं, याला ‘धास्ती घेतली’ हा अचूक शब्द आहे. झटका थांबला तरी धास्ती उरते, आणि खरं अपंगत्व तिच्यामुळं येतं.

‘हाय खाल्ली’, ‘कशात जीव रमत नाही’ हे शब्द नैराश्याच्या अंगानं जाणारे. निकष म्हणतात : दोन आठवडे, बहुतेक सगळा दिवस, उदासी किंवा गोडी उडणं यांपैकी एक तरी हवंच, आणि झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, मंदावलेल्या हालचाली, मरणाचे विचार वगैरे धरून नऊपैकी किमान पाच लक्षणं. आपल्याकडं माणूस ‘उदास आहे’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो अंग जड झालंय, डोकं धरलंय, पहाटे ३ ला जाग येते ती येतेच. नऊ प्रश्नांची एक छापील प्रश्नावली असते, तिच्यात २७ पैकी गुण मिळतात. १० किंवा त्याहून जास्त आले तर तपासून घ्या, एवढाच तिचा अर्थ. फोनवर ती भरून स्वतःच निदान जाहीर करू नये. थायरॉइड मंदावलेला आणि बी-१२ घटलेला माणूसही तिच्यात भरपूर गुण मिळवतो. मरणाचे विचार येतात का, हे मात्र स्पष्ट शब्दांत विचारावं. विचारल्यानं ते डोक्यात घुसत नाहीत. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी दाखवावं. रात्रीअपरात्री १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो.

नैराश्याचा रुग्ण समोर असताना चांगला डॉक्टर उलटं टोक, म्हणजे उन्मादही, शोधतो. आधी कधी असे दिवस आले होते का की तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबेना, रात्री २ वाजता पाहुण्यांना फोन, ऐपत नसताना गुजरीत, म्हणजे सराफ पेठेत, दागिन्यांची ऑर्डर? घरचे ही हकिकत आजारात धरत नाहीत. त्यांच्या लेखी ‘तवा गडी जोरात हुता’. ती दडली की बायपोलरला, म्हणजे उन्माद आणि नैराश्य अशी दोन्ही टोकं असलेल्या आजाराला, नुसतं नैराश्य समजलं जातं, फक्त नैराश्याची गोळी दिली जाते, आणि त्या गोळीनं रुग्ण उन्मादात जाऊ शकतो. मुदतही लक्षात ठेवावी : पूर्ण उन्मादाला किमान आठवडा, सौम्य प्रकाराला चार दिवस. सकाळी हसणं आणि दुपारी रडणं याला ‘बायपोलर आहे ती’ म्हणणं हा कॉलेजच्या कट्ट्यावरचा शब्दप्रयोग, वैद्यकातला नव्हे.

आणि ‘मंत्रचळ’. ओसीडीला, म्हणजे नको असलेला विचार किंवा कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याच्या विकाराला, याहून देखणा शब्द सापडायचा नाही. मंत्र चुकला की काय या शंकेनं पुन्हा पहिल्यापासून म्हणणारा माणूस त्या शब्दातच उभा आहे. हात धुणं, कडी तपासणं, मोजत राहणं, दिवसाचा तासाहून जास्त वेळ त्यात जाणं. भ्रमापासून तो ओळखायचा कसा? मंत्रचळाचा रुग्ण बहुधा म्हणतो, ‘विचार माझाच आहे, खुळचट आहे हे कळतंय, पण सारखा येतो, थांबत नाही.’ स्किझोफ्रेनियाचा रुग्ण म्हणू शकतो, ‘हा विचार माझा नाही, कुणीतरी डोक्यात घालतंय.’ ‘येतो’ आणि ‘घालतंय’ या दोन क्रियापदांत अख्खं निदान फिरतं. म्हणून डॉक्टरांपुढं ‘खुळ्यागत करतोय’ किंवा ‘डिप्रेशन आहे’ असं नाव देऊ नये. तो काय बोलतो ते त्याच्याच शब्दांत, कधीपासून, आणि आधी काय व नंतर काय हे सांगावं.

हा क्रम का विचारतात? भास-भ्रम तर उन्मादातही येतात आणि तीव्र नैराश्यातही. उन्मादात ‘मी मोठा’, नैराश्यात ‘मी पापी’ असा त्यांचा सूर असतो. मनःस्थिती ताळ्यावर आल्यावर तेही गेले तर आजार मनःस्थितीचा. मनःस्थिती नीट असतानाही दोन आठवडे किंवा अधिक टिकले, तर निदान स्किझोफ्रेनियाच्या अंगानं वळतं.

राहिलं एफ २९. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात एफ हे मनोविकारांचं प्रकरण. एफ २० स्किझोफ्रेनिया, एफ ३१ बायपोलर, एफ ४२ मंत्रचळ. एफ २९ म्हणजे वास्तवाशी संबंध सुटलेला दिसतो, पण प्रकार अजून सांगता येत नाही. ते डॉक्टरांचं अज्ञान नव्हे. त्या संघटनेच्या निकषांत स्किझोफ्रेनिया म्हणायला लक्षणं किमान एक महिना लागतात, अमेरिकी निकषांत एकूण सहा महिने. आठवड्याभरात उसळून महिन्या-दोन महिन्यांत पूर्ण बरा होणारा एक तीव्र प्रकारही आहे, आणि आपल्या देशात तो विरळ नाही. पहिल्याच भेटीत एफ २० लिहिणाऱ्यापेक्षा एफ २९ लिहिणारा मला जास्त भरवशाचा वाटतो. मात्र पुढच्या भेटी चुकवल्या, ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या बंद केल्या, तर तो आकडा तसाच राहतो आणि खरं निदान कधीच होत नाही.

मराठीत एफ २९ ला ‘वेड’ लिहू नये. १९१२ च्या ल्यूनसी (वेडेपणाच्या) कायद्यात ती भाषा होती. १९८७ च्या कायद्यानं ती टाकली, आणि २०१७ चा कायदा ‘मानसिक आजार’ म्हणतो. कॉलेजच्या रजेच्या अर्जात किंवा विम्याच्या कागदावर ‘मनोविकार (सायकोसिस), प्रकार निश्चित व्हायचा आहे, उपचार सुरू’ एवढं पुरतं. त्याच २०१७ च्या कायद्यानं विमा कंपन्यांना शारीरिक आजारांच्या बरोबरीनं मानसिक आजारांचा विमा द्यायला सांगितलं आहे. तेव्हा कागदावर आजार लपवून ‘अशक्तपणा’ लिहायचं कारण नाही. पुढं दावा करताना तोच शब्द आडवा येतो.