लातूरसारख्या पाणीटंचाईच्या शहरात गच्चीवर भाजीपाला लावणं परवडतं का, की ती पाण्याची नासाडी आहे?

आधी पैशाचं सांगते: परवडत नाही. ड्रम, शेणखत, हिरवी जाळी यात पहिल्या वर्षी जेवढे पैसे जातात, तेवढ्यात कित्येक महिन्यांची मेथी-पालक बाजारातून येते. तुमच्या सासूबाई 'नासाडी' म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. तो शब्द वाचून मात्र मला गप्प बसवेना.

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्येच पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायला लागलं. आमच्या घरात माणसं पाच आणि टँकरचं पाणी दोन ड्रम, पुढचा टँकर येईपर्यंत तेवढंच. गच्चीवर माझी वांगी, टोमॅटो, मिरची होती. ती सगळी मी माझ्या हातानं उपटली. कढीपत्ता, घोसाळ्याचा वेल आणि अर्ध्या कापलेल्या ड्रमातला तांदुळजा एवढंच ठेवलं.

एका संध्याकाळी मोठे दीर आले. वर वाऱ्याला बसायला गेले आणि ड्रमातली ओली माती त्यांना दिसली. जेवताना माझ्याशी बोलले नाहीत, ह्यांना म्हणाले, "लोकाला प्यायला घोटभर पाणी न्हाई, अन् तुमच्या घरी झाडाला पाणी घालायलेत." माझ्या हातात भाकरी होती, हात तिथंच थांबला. हे खाली मान घालून जेवत राहिले. थोरल्या दिरापुढं बोलायची आमच्याकडं रीत नाही, म्हणून मीही बोलले नाही. त्यांच्या ताटातली भाजी त्याच ड्रमातल्या तांदुळजाची होती.

तेव्हा सांगायचं राहिलं ते आता सांगते. त्या झाडांना टँकरच्या पाण्याचा एक तांब्यासुद्धा गेला नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, घागरीच्या तळाला राहिलेलं गढूळ पाणी मी मोरीत बादली ठेवून धरत होते. दिवसाकाठी बादलीभर व्हायचं. ते कुणी पिणार नव्हतं, गटारातच जाणार होतं.

आणि ते पाणी मी वरून ओतत नव्हते. ड्रमाच्या मधोमध जुना माठ गळ्यापर्यंत पुरला होता. पाणी फडक्यातून गाळून माठात भरायचं, तोंडावर झाकणी ठेवायची. मातीचा माठ झिरपतो, तेवढीच ओल मुळांना मिळते, उन्हानं उडून जात नाही. पावसाळ्यात तो माठ उकरून काढला, तर त्याच्या अंगावर पांढऱ्या मुळांची जाळी घट्ट चिकटलेली होती, बोटानं सोडवावी लागली. माठ मात्र बिनरंगाचा, बाहेरून झिरपणारा घ्या. रंग दिलेला काही उपयोगाचा नाही.

दीर अजूनही लग्नकार्यात चार माणसांत म्हणतात, "हिनं दुष्काळात बाग केली." म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, सासूबाईंशी वाद घालत बसू नका. मोरीत बादली ठेवा आणि आठ दिवस त्यांच्यासमोर भरू द्या. मी तेव्हा दिरांना ती बादली दाखवली नाही, त्याची चुटपुट मला आजही आहे.

लावायचं काय, तर पालेभाजी. मेथी, पालक, कोथिंबीर दसऱ्यापासून होळीपर्यंतच. मेथी महिन्याभरात काढायला येते. उन्हाळ्यात तांदुळजा, गवार, भेंडी, चवळी तग धरतात. एप्रिल-मेमध्ये टोमॅटोच्या नादी लागू नका, आपल्या उन्हात फूल येतं आणि गळून पडतं. नुसती काळी माती कधीच भरू नका. ओली असली की चिखल, वाळली की विटेसारखी होते, कडेनं सुटते आणि पाणी सरळ खाली निघून जातं. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग पालापाचोळा घ्या आणि वर सोयाबीनच्या भुसकटाचा चार बोटं थर द्या. आपल्याकडं भुसकटाला तोटा नाही आणि पाणी सगळ्यात जास्त तेच वाचवतं. पानांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला तर निंबोळी अर्क पुरतो.

साबणाचं किंवा कपडे धुतलेलं पाणी पालेभाजीला अजिबात नको. ड्रम स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, खाली भिंत किंवा बीम असेल तिथं आणि विटांवर ठेवा, म्हणजे गळती लगेच दिसते. भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी विचारा. आणि टँकरचंच पाणी घालायची वेळ आली, तर त्या वर्षी लावू नका, तिथं सासूबाईंचं खरं आहे.

त्या घोसाळ्याचं बी मी अजून राखून आहे. दरवर्षी एक फळ वेलावरच वाळू देते, काळं बी डबीत राखेत ठेवते आणि मृगाचा पाऊस झाला की टोचते. त्या वाळलेल्या फळाची उरलेली जाळी नहाणीत अंग घासायला होते.