जुनी पाच फुटी वनस्पतींची टाकी: घ्या, पण आकस्मिक निधीला हात न लावता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ५ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच अशी पाणवनस्पती आणि मासे ठेवायची, सात वर्षे जुनी काचेची टाकी विकायला आहे. सोबत स्टँड, दोन कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचे डबाबंद फिल्टर), एलईडी दिवा, हीटर आणि सीओटूचा, म्हणजे वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड वायू देणारा, पूर्ण संच. विकणारा नव्याच्या ४० टक्के किंमत मागतो आहे. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या घरात राहता. आकस्मिक निधी तीन महिन्यांच्या खर्चाएवढा आहे आणि गेल्या दोन महिन्यांची बचत खात्यात तशीच पडून आहे. पैसे निधीतून काढावेत की कार्डावर १२ हप्ते करावेत, असे तुम्ही विचारले आहे.

दोन्ही नको. तुम्ही पाठवलेले दर मी तुमच्या महिन्याच्या बचतीशी जोडून पाहिले. महिन्याची बचत १०० धरली, तर टाकीची मागणी २४० होते. तुमच्या यादीतला बाकीचा खर्च असा: ॲक्वासॉइल (तळाला घालायची पोषक दाणेदार माती) ७०, वनस्पती ५०, वाहतूक आणि उचलणारी माणसे २५, नळ्या-सील-व्हॉल्व्ह १५, सीओटू भरणे १०, मासे २०. म्हणजे आणखी १९०. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी तुम्ही धरलेलीच नाही, ती मी १५ धरतो. एकूण ४४५. तुम्ही फक्त २४० चा विचार करत होता.

त्याहून मोठा आकडा दरमहाचा आहे. १२० वॉटचा दिवा रोज ८ तास म्हणजे ०.९६ युनिट. १८ वॉटचे दोन फिल्टर चोवीस तास म्हणजे ०.८६ युनिट. ३०० वॉटचा हीटर थंडीत दिवसातून एकूण ८ तास चालला तर २.४ युनिट. थंडीच्या महिन्यात सुमारे १२७ युनिट झाले. वीज, खत, सीओटू आणि खाद्य मिळून तुमच्या दरांनी १५ येतात. दिवा, फिल्टर आणि सिलिकॉन कधीतरी बदलावेच लागतील, त्यासाठी दरमहा ५ बाजूला पडायला हवेत. महिन्याला २०, पाच वर्षांत १२००. खरेदीच्या जवळजवळ तिप्पट. विकायची वेळ आली की वनस्पती आणि माती यांची किंमत शून्य धरा.

आता वस्तू एकेक करून पाहू, कारण भाव तिथेच ठरतो.

टाकीत पैसा काचेपेक्षा सांध्यांत आहे. सिलिकॉन साधारण १० ते १५ वर्षे टिकते, त्यामुळे सात वर्षांची टाकी बाद नाही. पण आतल्या कडा बोटाने चाचपून पाहा. शेवाळ खरवडताना ब्लेडने सिलिकॉन कापले गेले असेल, कड सुटली असेल किंवा दोन काचांच्या मधल्या थरात बुडबुडे पसरलेले दिसत असतील, तर टाकी सोडा. नवे सिलिकॉन जुन्यावर नीट चिकटत नाही, म्हणून वरून लावलेली पट्टी ही दुरुस्ती नव्हे. सगळे सांधे उकलून टाकी पुन्हा बांधावी लागते आणि तो खर्च सौद्याला खाऊन टाकतो. पाणी भरलेली, चालू टाकी पाहूनही निश्चिंत होऊ नका. बऱ्याचदा टाकी रिकामी होते, सिलिकॉन वाळते, उचलताना ताण येतो आणि मग गळती सुरू होते. माती आत ठेवून टाकी हलवू देऊ नका, तळाचा सांधा त्यानेच जातो.

घरी चढवण्याआधी तळमजल्यावर सपाट जागी, खाली फोमची शीट टाकून टाकी भरा. आधी एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण, आणि ७२ तास तशीच ठेवा. किमतीचा पाचवा हिस्सा या चाचणीनंतर देईन, असे विकणाऱ्याला आधीच सांगा. त्याला टाकीची खात्री असेल तर तो मान्य करेल.

विकणाऱ्याच्या टाकीतल्या, दोन वर्षे वापरलेल्या ॲक्वासॉइलचा मोबदला देऊ नका. त्यातली पोषकद्रव्ये बहुतेक संपलेली असतात, दाणे फुटून चिखल होतो आणि ढवळले की माशांना विषारी अमोनिया वर येतो. फिल्टरचे ओ-रिंग (रबरी सील) आणि इम्पेलर (पाणी ढकलणारे पाते) नवे घालावे लागतील असेच धरा. विकणाऱ्याने माशांच्या औषधासाठी तांब्याचे क्षार वापरले होते का, हेही विचारा. त्यांचा अंश झिंग्यांना मारक ठरतो. दिव्याची चमक वयाबरोबर उतरते. सीओटूच्या सिलिंडरच्या खांद्यावर तपासणीची तारीख ठोकलेली असते. मुदत गेलेली असेल तर पुन्हा तपासणी केल्याशिवाय कोणी भरून देणार नाही. सिलिंडरचा दाब उतरवणाऱ्या स्वस्त रेग्युलेटरचा आणखी एक धोका आहे. आतला द्रव संपेपर्यंत सिलिंडरचा दाब स्थिर राहतो, मग झपाट्याने पडतो, आणि त्या क्षणी एक-टप्प्याचा (दाब एकाच टप्प्यात उतरवणारा) रेग्युलेटर जास्त वायू सोडून रात्रीत सगळे मासे मारू शकतो.

म्हणून माझे मत: टाकी, स्टँड, फिल्टर आणि हीटर घ्या, सीओटू संच आणि माती त्याच्याकडेच राहू द्या. या भागाला १५० द्या, फार तर १८०. पहिले वर्ष सीओटूशिवाय चालवा. तळाला वाळू आणि मुळांजवळ खताच्या गोळ्या घाला, अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन आणि व्हॅलिसनेरिया लावा, दिवा ६० वॉटचा, रोज ६ ते ७ तास. मोठा दिवा सौद्यात आलाच तर मंद करून लावा. प्रकाश जास्त आणि सीओटू नाही, अशा टाकीत शेवाळच वाढते. अनुबियास आणि जावा फर्नचे खोड वाळूत पुरू नका, कुजते. दगडाला किंवा लाकडाला बांधा.

असे केले तर मातीचे ७० चे २० होतात, वनस्पतींचे ५० चे २५, सीओटूचे १० जातात. १५० ला सौदा झाला तर इंजिनिअरसह एकूण खर्च २७०; दिवा वेगळा घ्यावा लागला तर त्याची किंमत यात नाही. दरमहाचा खर्च, नूतनीकरणाची तरतूद धरून, १२ च्या आसपास. खोली २२ अंशांखाली जात नसेल तर हीटर फारसा चालणार नाही आणि आकडा आणखी उतरेल.

खात्यात २०० आहेत. त्यातून इंजिनिअर १५, टाकी १५०, वाहतूक २५, एकूण १९०. उरलेले ८० पुढच्या महिन्याच्या बचतीतून सहज येतात. ही थांबण्याची वेळ वायाही जात नाही: गळतीची चाचणी, सील बदलणे, मग पाणी भरून फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वसायला लागणारे ४ ते ६ आठवडे. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि तितकाच घातक नायट्राइट शून्य येईपर्यंत मासे सोडू नका, म्हणजे माशांचे २० तसेही शेवटीच लागतात. भाव १८० ला गेला तर वाहतूक पुढच्या पगारानंतर ठेवा. कार्डाचे हप्ते मात्र टाकी दुसऱ्या महिन्यात गळली तरी बारा महिने चालूच राहतात.

इंजिनिअरला बयाणा देण्याआधी बोलवा. पाणी सुमारे ४५० किलो, काच १००, वाळू-दगड ९०, स्टँड ७०. सातशे किलोच्या वर वजन ०.९ चौरस मीटरवर बसते, म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास ८०० किलो. राहत्या घराचा स्लॅब सहसा चौरस मीटरला १५० ते २०० किलो वापरभारासाठी (माणसे आणि सामान यांच्या वजनासाठी) आखलेला असतो. तो भार सगळ्या खोलीभर धरलेला असल्याने टाकी ठेवली की स्लॅब पडतो असे नाही, पण तुळईवर, भिंतीलगत नेमके कुठे ठेवायचे ते त्यानेच सांगावे. त्याने नको म्हटले तर तुमचे १५ गेले आणि २५५ वाचले. मग ३ फुटी टाकीचा हिशेब नव्याने मांडू.

घरविम्याची कागदपत्रेही काढा. अचानक फुटलेल्या टाकीचे नुकसान आणि हळूहळू झिरपलेल्या पाण्याचे नुकसान यांत विमा कंपन्या फरक करतात, आणि झिरपणे अनेकदा वगळलेले असते. खालच्या मजल्याचे छत भिजले तर तुमच्या पॉलिसीत दायित्वाचे (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारे) कलम लागू होते का, हे कंपनीकडून लेखी घ्या. तसे कलम नसेल आणि जोडून मिळत असेल, तर त्याचा हप्ता दरमहाच्या १२ मध्ये मिळवून मला नवा आकडा कळवा.